वाढत्या अंगाचं

मल्हारगंजात माझं दुकान, बारा बाय नऊ.
टेपचा पहिला इंच झिजून गेलाय,
म्हणून मी एकापासून मोजतो
आणि शेवटी एक वजा करतो.

जूनमध्ये शाळांचे गणवेश.
आया म्हणतात, उमाकांतभैया, वाढत्या अंगाचं शिवा.
म्हणजे खाली चार बोटं दाब, कमरेला दोन चुण्या.
यंदा ढगळ, पुढल्या साली बरोबर,
मग धाकट्याला.
त्या दुमडीत मी चाळीस वर्षं
न आलेली वर्षं शिवून ठेवतोय.

परवा विजयनगरहून आंबर्डेकरबाई आल्या,
सोबत निहार, वय सात, आणि एक फाइल.
"दाब नको. वाईट दिसतं.
दहाव्या वर्षी चार फूट आठ, सोळाव्याला सहा फूट,
सगळं यात आहे. दरवर्षी नवे शिवू."
मी म्हटलं, मूल कसं वाढेल ते कुणी सांगावं?
बाई हसल्या, वाईट नव्हत्या हसल्या.
"तो पोटात येण्याआधीच ठरवलंय. उंची, डोळे, पाठांतर.
आमच्या सोसायटीत सात जण आहेत असे."
फाइलमध्ये दवाखान्याची पावती होती.
मी शून्यं दोनदा मोजली.

मागे बाकावर पायल बसलेली,
त्यांच्याच इमारतीत पोळ्या करणाऱ्या शेवंताची.
तीही त्याच शाळेत, पंचवीस टक्क्यांतून.
एकाच थानातलं तांबडं चौकड्यांचं कापड दोघांना.
शेवंताचा निरोप: पाच बोटं ठेवा,
तीन वर्षं चालायला हवा स्कर्ट.

मला राग यायला हवा होता.
आला तो वसंता, माझा धाकटा भाऊ.
त्याचं रक्त थांबत नसे,
आणि जन्म शिंप्याच्या घरात!
आई रोज रात्री चुंबक घेऊन
फरशीवरून फिरायची, पडलेल्या सुया वेचत.
सातव्या वर्षी दुधाचा दात पडला,
तिसऱ्या दिवशी तो गेला.
तेव्हा कुणी अशी फाइल आणली असती
तर आईने मशीन विकली असती,
मी पावती न वाचता अंगठा उठवला असता.

रफू मला कळतं, जरही कळते.
भोक बुजवणं वेगळं, काठ चढवणं वेगळं.
पण कापड उजेडात धरलं
की एखाद्या जागी मलाही सांगता येत नाही
रफूचा दोरा कुठे संपला.
आणि रफू तरी कुठे फुकट होतं?
वसंताचं औषध तेव्हा मुंबईत मिळायचं म्हणे.
आम्ही भाडं विचारून परत आलो.

निहारच्या छातीला टेप लावला.
पोरगा श्वास रोखून उभा.
सोड रे, म्हटलं, श्वास सोड.
त्याने हळूच विचारलं,
"काका, किती यायला हवी?"

पायलची पाळी आली तेव्हा
तिने उडी मारून विचारलं,
"किती आली?"

रात्री दोघांचं कापलं.
निहारच्या पँटीला, बाईंना न सांगता,
दोन बोटं दाब ठेवला.
इस्त्री अशी दाबली की वरून दिसू नये.
कागदाहून वेगळा वाढलाच कधी,
तर कुठेतरी जागा असावी पोराला.
मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सकाळी स्कर्ट हातात घेतला
तर पायलच्या दुमडीत चारच बोटं.
रात्री त्या मुलाचा विचार करता करता
हिच्या मापातून
एक वजा करायचा राहून गेला होता.

थान संपलंय.
शेवंता संध्याकाळी येईल, पोळ्या आटपून.